वासाचं टायट्रेशन

आमच्या नाशिकच्या कॉलेजात जी कामं कुणालाच नको असतात, ती ज्येष्ठतेचा मान म्हणून दिली जातात. त्या जूनमध्ये प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि साखर किती ते विचारलं, तेव्हाच मी ओळखलं की आता गळ्यात काहीतरी पडणार. पडला तो समान संधी कक्ष, म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्यांना कोणत्या सोयी द्यायच्या ते ठरवणारी समिती. मी रसायनशास्त्र शिकवते. माझी जीभ तिखट आहे, आणि अशा कामाला जो गोडवा लागतो तो माझ्यात औषधालासुद्धा नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं. प्राचार्य हसून म्हणाले, "मॅडम, फार काही करायचं नसतं. सगळं ठरलेलं असतं."

ठरलेलं होतं खरं. मुलगा किंवा मुलगी आली की प्रमाणपत्रावरचा टक्का बघायचा आणि टक्का बसत असेल तर परीक्षेला तासामागे वीस मिनिटं जादा, लेखनिक आणि तळमजल्यावरची खोली द्यायची. रेशनच्या दुकानात कार्ड दाखवून गहू घ्यावा, तसा हा कारभार होता. कुणाला तांदूळ हवा असेल, हा प्रश्नच तिथे कधी निघाला नव्हता.

समितीत मराठी शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. लहानपणी पोलिओ झालेला, एका पायात कॅलिपर, काखेत कुबडी, आणि बोलणं असं की मी तिखट असेन तर त्या ठेचा. पहिल्याच बैठकीत त्यांनी टक्क्यांचा रकाना पाहिला आणि म्हणाल्या, "माझ्या प्रमाणपत्रावर साठ टक्के लिहिलंय. लिफ्ट चालू असते त्या दिवशी माझं काहीच अडत नाही. बंद असते त्या दिवशी शंभर टक्के अडतं. पाय तोच. मग हे साठ टक्के नक्की कुणाचे? माझे की लिफ्टचे?"

मग त्यांनीच पुढे सांगितलं, "पोराला काय झालंय ते विचारत बसू नका. ते डॉक्टरने विचारलंय. आपण विचारायचं, बाबा रे, तुझं अडतं कुठे? आणि मग जिथे अडतं तिथे त्याच्यासोबत जाऊन उभं राहायचं."

मला ते ऐकायला बरं वाटलं, पण बैठकीत बऱ्या वाटणाऱ्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. खरं काय ते महिन्याभरात कळलं.

चांदवडकडच्या एका गावातून एक मुलगी आली, वडिलांसोबत. तिची नजर आठवी-नववीत हळूहळू गेली होती, आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. बारावी सायन्स तिने लेखनिक घेऊन केलं होतं, मार्क उत्तम होते, आणि तिला बी.एस्सी. करायचं होतं, रसायनशास्त्र घेऊन. वडील दारातच उभे होते. म्हणाले, "मॅडम, आम्ही सांगून दमलो. आर्ट्सला जा म्हटलं, बी.एड. कर म्हटलं. पोरगी लय हट्टी हाय. तुमीच समजावा."

मी समजावणारच होते. अगदी खरं सांगायचं तर वाक्य तोंडात तयार होतं. पण विचारलं वेगळंच, कदाचित त्या ठेच्याची चव अजून जिभेवर होती म्हणून. "बारावीची प्रॅक्टिकल्स कशी केलीस?"

"नाय केली," ती म्हणाली. "मला सूट दिली. लॅबच्या बाहेर बाकावर बसवलं. आत पोरं काय काय करत होती, ग्लास वाजत होते, कोणी ओरडत होतं, आला आला, पिंक आला. मार्क मला चांगले दिले. पण मॅडम, ते बाहेर बसल्याचे मार्क हायत. मला आत यायचं हाय."

प्राचार्यांचा जीव चांगला आहे. त्यांनी विद्यापीठाला विचारलं आणि दोन वाटा निघाल्या. एक, प्रात्यक्षिकातून सूट. मग लेखी परीक्षेवरून मार्क धरायचे आणि पुढच्या वर्षी तिला विषय बदलून घ्यायला सांगायचं, कारण हाताने प्रयोग न केलेल्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्र कुठवर शिकवणार? दुसरी वाट अशी की कॉलेजने पद्धतीत लागेल तो बदल करावा, पण प्रयोग तिने स्वतः केला आणि निकाल तिने स्वतः काढला, अशी बाहेरून येणाऱ्या परीक्षकाची खात्री पटली पाहिजे. पटली तर ती रसायनशास्त्रात राहील, नाही पटली तर आर्ट्स. प्राचार्य पहिल्या वाटेकडे झुकले होते. "तिचे हाल नकोत, मॅडम," असं ते म्हणाले. हाल कशाने होतात याबद्दल आमच्या कॉलेजात तेव्हा बरेच गैरसमज होते, त्यातले काही माझेही होते.

मग एका दुपारी लॅब रिकामी असताना मी तिला आत घेऊन गेले. मराठीच्या मॅडमही आल्या, स्टुलावर बसल्या आणि कुबडी कपाटाला टेकवून म्हणाल्या, "मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी फक्त विचारणार."

पहिल्या सहामाहीचं मुख्य प्रॅक्टिकल म्हणजे टायट्रेशन. ज्यांनी विज्ञान घेतलं नाही त्यांच्यासाठी सांगते. फ्लास्कमध्ये अल्कली असते, वरच्या लांब काचेच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, तिच्यात थेंब थेंब आम्ल सोडायचं. दोघांचा हिशोब जिथे बरोबर मिटतो तो थेंब पकडायचा आणि तोवर किती आम्ल लागलं ते वाचायचं. तो थेंब ओळखू यावा म्हणून फ्लास्कमध्ये फिनॉल्फथेलिन टाकतात. अल्कलीत ते गुलाबी असतं आणि हिशोब मिटला की रंग उडतो. उलट्या दिशेने केलं तर रंग चढतो, आणि तो जितका फिका तितका थेंब अचूक. मुलं त्या गुलाबीवर जीव टाकतात. मीही टाकते, इतक्या वर्षांनंतरही.

मी मुलीला एकेक पायरी करायला लावली आणि मॅडम विचारत राहिल्या, अडलं? कुठे? बाटल्यांवर लेबलं होती, ती वाचता येईनात. मग आम्लाच्या बाटलीला एक रबरबँड, अल्कलीच्या बाटलीला दोन. टेबलावर वस्तू सरकत होत्या, म्हणून काठ असलेला ट्रे घेतला. ब्युरेटवरच्या रेषा काचेत कोरलेल्या दिसतात, पण बोटाला लागत नाहीत. मग आम्ही ब्युरेटच काढून टाकला. प्लॅस्टिकची सिरिंज घेतली, अंबडच्या एमआयडीसीत माझ्या भाच्याच्या वर्कशॉपमध्ये तिच्या दांड्यावर प्रत्येक मिलीला खाच पाडून घेतली, आणि एका बारक्या सिरिंजला त्याहून बारीक खाचा. मशीनवरच्या कारागिराने विचारलं, "हे कोणत्या गाडीचं?" मी म्हटलं, एका मुलीच्या बोटांचं आहे. त्याने एक खाच पुसट वाटली म्हणून सगळं पुन्हा केलं.

हे सगळं करताना मला जाणवू लागलं की मुलीचं काहीच बदलत नव्हतं. तिचे डोळे जून महिन्यात होते तसेच ऑगस्टमध्ये होते. बदलत होतं ते टेबल. आणि टेबल जसजसं बदलत होतं तसतशी ती हुशार होत चालल्यासारखी दिसत होती, खरं तर ती आधीपासूनच होती. हे कळायला फार मोठी बुद्धी लागत नाही, पण समोर घडताना पाहिलं की अंगावर काटा येतो. मला आला.

राहिला तो गुलाबी. तिथे सगळंच अडलं. रंग फक्त डोळ्यांना कळतो, दुसऱ्या कुणाला तो काही सांगत नाही. प्राचार्य म्हणाले बोलणारं यंत्र मागवू, आम्ल-अल्कलीचा आकडा मोठ्याने सांगेल. कोटेशन गेलं, पण यंत्र पुढच्या वर्षाच्या आत येणार नव्हतं. शिवाय मुलगीच म्हणाली, "यंत्र सांगेल ते मला कळेल, मॅडम. पण ते यंत्राला कळलेलं असंल. मला सोताला कळायचं हाय."

शाळेच्या पुस्तकात वासाच्या दर्शकांवर, म्हणजे रंगाऐवजी वासाने खूण देणाऱ्या पदार्थांवर, चार ओळी असतात. त्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात आणि करून कुणीच बघितलेल्या नसतात. कांद्याचा वास अल्कलीत मरतो, आम्ल घातलं की परत येतो. व्हॅनिला आणि लवंगेच्या तेलाचंही तसंच होतं. मला त्या चार ओळी बसमध्ये आठवल्या, आणि मी एवढ्या जोरात "कांदा!" म्हटलं की शेजारच्या बाईंनी पिशवी आवरून घेतली.

लवंगेच्या तेलाने आधी सुरुवात केली. ते काचेला असं चिकटलं की तीन वेळा धुऊनही फ्लास्कला दाताच्या दवाखान्याचा वास येत होता. व्हॅनिलाने सगळ्यांना भूक लागली. कांदाच खरा, अशी माझी खात्री झाली, आणि मनात आणखी एक हिशोबही होता. म्हटलं, ही चांदवडची पोर, जन्म कांद्यात गेलेला, हिच्या नाकाला कांदा नाही कळणार तर कुणाच्या कळणार?

मी स्वतः घरून पांढरे कांदे आणले, कारण लाल कांद्याचा स्वतःचाच रंग खेळ करतो. लॅबमध्येच चिरले, अल्कलीत भिजवले, गाळून घेतले. पाणी जवळजवळ नितळ आलं आणि वास खरंच मेला होता. मुलीने खाचा मोजत आम्ल सोडलं. हाताने वारा घेत वास घेतला. पुन्हा सोडलं, पुन्हा घेतला. आम्ल संपत आलं तरी ती म्हणत होती, "नाय, मॅडम. नाय अजून." मी बाजूला एक थेंब फिनॉल्फथेलिनमध्ये टाकून पाहिला. हिशोब केव्हाच मिटून पुढे गेला होता.

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा तिने हिशोब मिटायच्या कितीतरी आधी "आला" म्हटलं, आणि माझ्या गप्प राहण्यावरून तिला कळलं की चुकलं. ती सिरिंज ट्रेमध्ये ठेवून उभी राहिली. दारात प्राचार्य येऊन थांबले होते. ते हळू आवाजात मला म्हणाले, "तुम्ही प्रयत्न केलात, मॅडम. कोणी नाही म्हणणार नाही." बोलणं प्रेमाचंच होतं, पण मला एवढा राग आला की मी हातातला कपडा बेसिनमध्ये आपटला.

मराठीच्या मॅडम स्टुलावरून हलल्या नाहीत. नेहमीच्याच सुरात म्हणाल्या, "अडलं कुठे?"

"नाकात," मी म्हणाले.

"मी तुम्हाला नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "तिला विचारलं."

मुलीने हात ॲप्रनला पुसले. मग म्हणाली, "मॅडम, राग नका येऊ देऊ. आमच्या घरात कांद्याचा वास येत नाय."

"म्हणजे?"

"घराला लागून कांदा साठवायची चाळ हाय. अंगणात कांदा, कपड्याला कांदा. वास येतो तो सडल्यावर. चांगल्या कांद्याला आमच्याकडे वासच नसतो. आणि..." ती अडखळली. "ह्या खोलीत सगळीकडेच कांदा हाय. तुमच्या हाताला, बेसिनला, टेबलाला. फ्लास्कमधला कुठला अन् बाहेरचा कुठला, ते कसं समजंल?"

मी माझे हात नाकाशी नेले. मग बेसिनकडे पाहिलं, तिथे कांद्याची सालं पडली होती. मुलीच्या नाकाची परीक्षा घ्यायला मी आख्खी लॅब कांद्याने भरून ठेवली होती. गुलाबी रंग ओळखायला सांगायचं आणि भिंती, टेबल, ॲप्रन, सगळंच गुलाबी रंगवून ठेवायचं, असला तो प्रकार. मराठीच्या मॅडम खो खो हसल्या. मुलगीही हसली. मग मला हसावंच लागलं.

पुढचे दिवस मी आयुष्यात कधी केली नव्हती तसली तयारी केली. कांदा चिरायचा तो हॉस्टेलच्या मेसमध्ये, दुसऱ्या कुणीतरी. अल्कली तिथेच गाळून, बूच लावून वर यायची. मुलीचा ॲप्रन घरी जायचा नाही, कॉलेजच्या कपाटात राहायचा. सोमवारी ती गावाहून हॉस्टेलवर परत यायची तेव्हा प्रयोग नाही. एक दिवस नाशकात राहून नाक मोकळं झालं की मंगळवारी. आणि टेबल लॅबमधून उचलून बाहेरच्या गॅलरीतल्या नळाजवळ, जिथे वारा एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने जातो. हातमोजे, साबण बिनवासाचा. माझ्या पावडरीवरही बंदी आली. लॅब असिस्टंट म्हणाला, "मॅडम, एवढे सोवळे तर आमच्या आजीनेपण पाळले नव्हते."

मंगळवारी पुन्हा केलं. गॅलरीत आम्ही तिघी होतो. मुलीने मोठ्या सिरिंजने एकेक मिली सोडलं, मग बारकी घेतली आणि थेंब थेंब. दर वेळी फ्लास्क हलवायचा, हाताने वारा नाकाकडे ओढायचा, मग मान वळवून दोन मोकळे श्वास. चेहरा दगडासारखा. एकदा तिने मान वळवली आणि परत फ्लास्ककडे आली, आणि तिचा सगळा चेहराच खुलला. "आला," ती म्हणाली. आवाज इतका हळू की मी पुढे झुकले. मग मोठ्याने, "आला, मॅडम! आला! असा येतो का तो!" मी बाजूच्या फ्लास्कमध्ये रंगाने ताडून पाहिलं. दोन थेंबांचा फरक. दोन थेंबांचा फरक तर माझ्या डोळस मुलांचा रोज येतो, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही.

"मला करू दे," मी म्हणाले. तिने तिचं स्टूल मला दिलं. मी डोळे मिटले. खाचा बोटाला लागत होत्या. आधी काहीच नाही. आम्ल पडतंय, फ्लास्क हलतोय, नाकाला फक्त पाणी आणि काच. काहीच नाही. काहीच नाही. मग एका थेंबाला अचानक कुणीतरी शेजारच्या घरात फोडणीला कांदा चिरायला घ्यावा तसा तो वास उभा राहिला. तो हळूहळू वाढला नाही, एकदम समोर आला. मी डोळे उघडले.

इतकी वर्षं मी मुलांना शिकवत आले की तो क्षण म्हणजे रंग. रंग दिसला की हिशोब मिटला. पण रंग म्हणजे तो क्षण नव्हेच. तो क्षण त्या पाण्यात आपला आपण घडतो, कुणी बघो न बघो, आणि ज्याला जे दार मोकळं असेल त्या दाराने बाहेर येतो. मला वाटलं, आपण देवळात रोज एकाच दाराने गेलो आणि समजत बसलो की गाभाऱ्याला दारच एक. गॅलरीतल्या त्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर मला भरून आलं. हे मी कुणाला त्या वेळी सांगितलं नाही, कारण मराठीच्या मॅडम समोर बसल्या होत्या आणि त्यांनी ते मला वर्षभर ऐकवलं असतं.

परीक्षा आली. बाहेरून आलेले परीक्षक पांढऱ्या केसांचे, इस्त्रीचा शर्ट, कमी बोलणारे गृहस्थ होते. विद्यापीठाचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मी सगळी पद्धत समजावली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मी पास करायला आलो नाही आणि नापास करायलाही नाही. हिला थेंब कळला की नाही एवढं मला कळलं पाहिजे. तुमच्या सांगण्यावरून नाही." बोलणं रास्त होतं, म्हणून मी बाजूला झाले.

बाकीची मुलं आत, ती गॅलरीत टेबलाशी. परीक्षक तिच्यापासून हातभर अंतरावर खुर्ची घेऊन बसले. मी दाराच्या चौकटीत. सगळं ठीक चाललं होतं. मोठी सिरिंज झाली, बारकी घेतली, आणि तिचा हात थांबला. तिने मान वळवली, श्वास घेतला, पुन्हा वळवली. मग बोट वर करून म्हणाली, "सर, खालून वास येतोय. कांदाभजी."

गॅलरीखाली कॅन्टीन होतं. परीक्षेची मुलं बाहेर पडणार म्हणून कॅन्टीनवाल्याने कढई चढवली होती. सगळी सोवळी पाळली आणि कॅन्टीन विसरले! परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "वेळ चालू आहे," ते म्हणाले.

"सर," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा चढला, "आत्ता आतल्या मुलांचं पाणी गेलं असतं तर तुम्ही वेळ थांबवला असता ना? मग हिचा वारा गेलाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. पुन्हा घड्याळाकडे पाहिलं आणि ते मनगटावरून काढून टेबलावर पालथं ठेवलं. "जा," ते म्हणाले. मी साडी सावरून जिना उतरले. कॅन्टीनवाला म्हणाला, "मॅडम, परीक्षेच्या दिवशी भजी बंद? पोरं मला खातील!" मी म्हटलं बटाट्याची कर, मिरचीची कर, कांद्याला हात लावलास तर बघ. कढई झाकली, चिरलेल्या कांद्याची परात मागच्या बोळात गेली. वर आले तेव्हा परीक्षक आणि मुलगी शेजारी शेजारी वाऱ्याकडे तोंड करून बसले होते. वास पुरता निघून गेला असं तिने सांगेपर्यंत त्यांनी घड्याळ सुलटं केलं नाही.

मग ती पुन्हा सुरू झाली. एक थेंब, हलवणं, वारा, मान वळवणं. एक थेंब. मी चौकट घट्ट धरून होते. एक थेंब. तिने फ्लास्क खाली ठेवला, सिरिंज खाली ठेवली, बोटाने खाचा मोजल्या आणि आकडा सांगितला. "हा माझा एन्ड पॉइंट," ती म्हणाली.

परीक्षक उठले. त्यांनी तिच्या आकड्याकडे पाहिलंच नाही. तिचा फ्लास्क उचलून उजेडात धरला आणि स्वतःच्या हाताने त्यात फिनॉल्फथेलिन टाकलं. ती आधी थांबली असती, अल्कली उरली असती, तर फ्लास्क तिथल्या तिथे गुलाबी झाला असता. पाणी नितळच राहिलं. मग त्यांनी अल्कलीची बाटली घेतली. ती फार पुढे गेली असती तर आता थेंबांवर थेंब टाकत बसावं लागलं असतं, पाचसहा, दहासुद्धा. त्यांनी ड्रॉपर उभा धरला आणि एकच थेंब सोडला. फ्लास्क हलवला.

गुलाबी झाला. एका थेंबात.

परीक्षक तसेच उभे राहिले, फ्लास्क उजेडात धरून. मी चौकटीत. लॅब असिस्टंट माझ्या मागे येऊन उभा होता, त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. मी आयुष्यात हजारो फ्लास्क गुलाबी होताना पाहिले असतील, पण असा एकही पाहिला नव्हता. आम्ही तिघं त्या रंगाकडे बघत राहिलो, किती वेळ ते सांगता येणार नाही.

"मॅडम," ती म्हणाली. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. "चुकलं का? कोणी बोलत का नाय?"

परीक्षकांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग, जणू आत्ताच लक्षात आलं, तिच्याकडे वळून तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. "नाही, बाळ," ते म्हणाले. "मी तुझ्या फ्लास्कमध्ये इंडिकेटर टाकलं. रंग आला नाही. मग अल्कलीचा एक थेंब टाकला. एकच. गुलाबी झालं."

तिने मान थोडी तिरकी केली, विचार करताना करायची तशी.

"गडद झालं का फिकं?" तिने विचारलं.

त्यांनी फ्लास्क पुन्हा वर उचलला. या वेळी खिशातून चष्मा काढून डोळ्यांना लावला आणि विद्यार्थ्याने बघावं तसं नीट, वेळ घेऊन पाहिलं.

"फिकं," ते म्हणाले. "अगदी फिकं."

"मग बरोबर हाय," ती म्हणाली, आणि सिरिंज धुवायला नळाकडे हात केला.